मागचं दार कुणासाठी?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच जातीच्या गाड्यांबद्दल आहेत. बाहेरून साहेबाची, आतून शर्यतीची. चार दारं, चामड्याची आसनं, प्रशस्त डिकी आणि बॉनेटखाली पाचशे-सहाशे अश्वशक्ती. अशा गाड्यांच्या सर्व्हिस काउंटरवर मी आयुष्याचा मोठा काळ काढला, त्यामुळे गाडीपेक्षा गाडीवाल्यांबद्दल माझी मतं जरा पक्की आहेत. ज्यांना टोचतील त्यांनी जरूर लिहावं, छापू.

प्रश्न: मी व्यवसायाने लेखापाल. बीएमडब्ल्यू एम5 (2017 साली आलेली पिढी), मर्सिडीज-एएमजी ई63 एस आणि ऑडी आरएस7 या तिघींचा सविस्तर तक्ता केला आहे, सोबत जोडतो. तिन्ही आलटून पालटून पुढे येतात आणि निर्णय होत नाही. तुमच्या मते पहिला नंबर कुणाचा?

तक्ता सुरेख आहे, पण निर्णय का होत नाही ते त्या तक्त्यातच लिहिलेलं आहे. एम5 ला 600 अश्वशक्ती, ई63 एस ला 612, आरएस7 ला 600. शून्यापासून शंभरपर्यंत 3.4, 3.4 आणि 3.6 सेकंद. तुम्ही या 3.6 वर लाल पेन फिरवलाय. शंभरच्या वेगाला 0.2 सेकंदांत गाडी साडेपाच मीटर जाते, म्हणजे जेमतेम स्वतःच्या लांबीइतकी. तेवढ्यासाठी कुणाला नापास करू नका. शिवाय तुमच्या तक्त्यातले काही आकडे कंपन्यांचे आहेत आणि काही अमेरिकी नियतकालिकांच्या चाचण्यांमधले. अमेरिकेत गाडी पहिला एक फूट हलल्यावर घड्याळ सुरू करण्याची पद्धत आहे. त्यात दोन-तीन दशांश सेकंद आयतेच वाचतात. दोन घड्याळांचे आकडे एका रकान्यात घेतलेत, तर तुमच्याच धंद्यात त्याला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

आता तक्त्यात नसलेलं सांगतो. आरएस7 चं इंजिन बरंचसं पुढच्या चाकांच्या आसाच्या (अ‍ॅक्सलच्या) पुढे आहे. त्यामुळे वळणात शिरताना तिचं नाक जड वाटतं, पण धो धो पावसात याच गाडीतला माणूस सर्वांत निवांत असतो. तिचं छत मागे उतरतं आणि डिकीचं झाकण काचेसकट वर जातं, म्हणजे काटेकोर बोलायचं तर ती पाच दारांची. उंच माणसाला मागे बसवून बघा, त्याचे केस छताला लागतील. एम5 मध्ये आधीच्या पिढीत झटपट गिअर बदलणारा दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स होता. या पिढीत तो काढून टॉर्क कन्व्हर्टरचा साधा आठ गिअरचा ऑटोमॅटिक बसवला. कागदावर ही पीछेहाट वाटेल. पण गर्दीत मुंगीच्या पावलाने गाडी सरकवताना दुहेरी क्लच कसा झटके देतो, हे ज्याने अनुभवलंय तो त्या निर्णयाला हात जोडेल. आणि ई63 चं व्ही8 (म्हणजे आठ सिलिंडरचं) इंजिन अफाल्टरबाखच्या कारखान्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच माणूस जुळवतो. त्याच्या सहीची पट्टी इंजिनावर असते.

या पट्टीवरून गिऱ्हाईक ओळखता येतं, असं माझं म्हणणं आहे. एएमजीवाला काउंटरवर आला की आधी बॉनेट उघडायला लावणार, पट्टी दाखवणार, मग इंजिन सुरू करून म्हणणार, "ऐका." त्याने गाडी कानाने घेतलेली असते. एम5 वाला वाचून आलेला असतो. ई28, ई39, ई60 ही पिढ्यांची सांकेतिक नावं त्याला पाढ्यांसारखी पाठ असतात. 1980 च्या दशकातल्या पहिल्या एम5 मध्ये एम1 या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाचा वंशज होता, साडेतीन लिटर, सहा सिलिंडर, 286 अश्वशक्ती, आणि बाहेरून मात्र ती शाळेत मुलं सोडायला जाणारी साधी 5 सीरीजच वाटायची, हे तो तुम्हाला न विचारता सांगणार. ऑडीवाला सर्वांत कमी बोलतो. पण किलोमीटर बघाल तर त्याचेच जास्त. तो गाडी बारा महिने, सगळ्या हवामानात चालवतो आणि धुवायला वेळ नव्हता म्हणून तशीच आणून देतो. मला हा माणूस आवडतो, कबूल करतो.

बिल्ल्यांचंही असंच. डिकीवर मॉडेलचं नाव नको, असा पर्याय कारखान्यातूनच निवडता येतो, आणि खरी सहाशे अश्वशक्तीची गाडी घेणारे कितीतरी लोक तो निवडतात. लहान इंजिनाची गाडी घेऊन तिच्यावर बाजारातला एमचा बिल्ला चिकटवणारेही असतात. हे दोघं काउंटरच्या रांगेत पुढेमागे उभे असले की माझा दिवस मजेत जायचा.

आता तुमचं. तक्ता करणारा माणूस शेवटी एम5 घेतो, हा माझा अंदाज. घ्या, चूक होणार नाही. पण सही करण्याआधी तिन्ही गाड्या दुसऱ्या कुणाला तरी चालवायला द्या आणि तुम्ही मागे बसा. चांगला तासभर, खराब रस्त्यावर. चार दारांचे पैसे मोजताय, तर मागच्या दोन दारांची परीक्षा कुणीतरी घ्यायला हवी. एकाही शोरूममध्ये ही परीक्षा आपणहून कुणी सुचवत नाही. आणि मागे कधी कुणी बसणारच नसेल, तर एवढ्या मोठ्या गाड्यांच्या नादाला लागता कशाला? अल्फा रोमिओ जुलिया क्वाद्रिफोल्यो बघा. 510 अश्वशक्ती, 3.9 सेकंद आणि वजन यांच्यापेक्षा चांगलं दोनेकशे किलो कमी. वळणावर ते दोनशे किलो हातांना कळतात. तक्त्यात मात्र ती शेवटची येईल.

प्रश्न: आमच्या ह्यांनी "कुटुंबासाठी" म्हणून अशीच एक गाडी घेतली. मागे बसलं की मुलाला मळमळतं, माझी मान दुखते आणि हे म्हणतात, "एवढी भारी गाडी, तुम्हालाच सवय नाही." दोष गाडीत आहे की ह्यांच्यात?

ताई, निम्मा-निम्मा. गाडीच्या वाट्याचं आधी बघू.

या गाड्यांना 20-21 इंची चाकं असतात आणि त्यांच्याभोवती टायरचा पट्टा अगदी पातळ. खड्ड्याचा पहिला घाव टायरमधल्या हवेने सोसायचा असतो. इथे हवाच थोडी. उरलेला घाव स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरवर येतो, आणि ते मुद्दाम कडक ठेवलेले असतात, कारण दोन टनांचा ऐवज भरवेगात वळवताना डोलून चालत नाही. जी गाडी वळणावर झुकत नाही, ती सरळ रस्त्यावर मागच्यांना थोडंफार हिसडणारच.

पण उपाय आहेत. यजमानांना सांगा की सस्पेन्शन कम्फर्टवर ठेवा, इंजिन हवं तसं तिखट ठेवा. बहुतेक गाड्यांत दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या निवडता येतात. त्यांची एम5 असेल तर स्टिअरिंगवर एम1 आणि एम2 अशी दोन लाल बटणं असतील. मनासारखी जुळणी एकदा त्यांत साठवली की काम झालं. वर्षानुवर्षं त्या बटणांना हातही न लावलेले मालक मी पाहिलेत. सगळंच स्पोर्टवर ठेवून ते सर्व्हिसला यायचे आणि म्हणायचे, गाडी फार आपटते. दुसरं, टायरची हवा. दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, त्यावर दोन तक्ते असतात. एक कमी माणसांसाठी आणि नेहमीच्या वेगासाठी, दुसरा भरलेल्या गाडीसाठी आणि अतिवेगासाठी. हौशी मंडळी सरसकट दुसऱ्या तक्त्याची हवा भरून ठेवतात. ती तपासा. तिसरं, कंपनीने त्याच गाडीला एक इंच लहान चाक मंजूर केलं असेल आणि ब्रेक त्यात मावत असतील, तर पुढचा टायर संच घेताना तेच घ्या. दिसायला किंचित कमी, बसायला बरंच बरं.

यजमानांच्या वाट्याचं एवढंच: मुलाला मळमळतं ते वेगाने नव्हे, वेग सारखा बदलल्याने. अशा गाडीचं पॅडल नुसतं टेकलं तरी ती उसळते आणि ब्रेक टेकला की गपकन थांबते. मागच्या माणसाचं डोकं पुढेमागे हलू न देता गाडी चालवणं हीच खरी कसोटी आहे. ती 200 च्या वेगाला जमते असं नाही, पण 60 ला जमायलाच हवी. हे वाक्य माझ्या नावावर खपवा.

तुमच्यासारख्यांचा विचार आधी करणारी एक परंपराही आहे. बुर्कार्ड बोवेनझीपेन यांनी उभी केलेली आल्पिना. ही मंडळी बीएमडब्ल्यूच्याच गाड्या घेऊन त्या जास्त वेगवान आणि जास्त मऊ करायची. 1989 ची त्यांची बी10 बाय-टर्बो 360 अश्वशक्तीची होती. पुढच्या काळातल्या त्यांच्या गाड्यांत कम्फर्टच्याही वर कम्फर्ट प्लस अशी जुळणी असायची. आल्पिनावाले गिऱ्हाईक क्वचित यायचं. आलंच तर हमखास बायकोला विचारून गाडी घेतलेलं असायचं. उलट टोकही सांगून टाकतो. पोर्शा टायकान टर्बो जीटी ही गाडी वायसाख पॅकेजसह घेतली तर वजन वाचवण्यासाठी मागची आसनंच काढून टाकलेली असतात. चार दारं, दोन आसनं. यजमानांना हे कळवू नका.

प्रश्न: जर्मन गाड्या ताशी 250 किमीवरच का अडवलेल्या असतात? असा कायदा आहे का?

कायदा नाही, आपापसातली समजूत आहे. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत महामार्गांवर सरसकट वेगमर्यादा आणावी अशी मागणी जोर धरत होती. ती अंगावर येण्याआधी बड्या कंपन्यांनी स्वतःच 250 ची रेघ ओढली. 1987 ची बीएमडब्ल्यू 750 ही या रेघेच्या पहिल्या मानकऱ्यांपैकी. आता जादा पैसे भरले की रेघ पुढे सरकते. एम5 ला ड्रायव्हर्स पॅकेज घेतलं तर 305, आणि त्यात ड्रायव्हिंगचं प्रशिक्षणही धरलेलं असतं. ते प्रशिक्षण मात्र सगळ्यांना सक्तीचं करा, असं माझं जुनं मागणं आहे.

ही समजूत न पाळणारी गाजलेली गाडी म्हणजे 1990 ची लोटस कार्लटन. मूळची मध्यमवर्गीय घरची व्हॉक्सहॉल. लोटसने तिच्यात 3.6 लिटरचं दोन टर्बोचं, 377 अश्वशक्तीचं इंजिन बसवलं आणि ती 280 च्या वर जाऊ लागली. वरून कीर्तन, आतून तमाशा. ब्रिटनमध्ये वर्तमानपत्रांनी आणि खासदारांनी बंदीची हाकाटी केली. पुढे चोरीला गेलेली अशी एक गाडी दुकानं फोडणाऱ्या टोळीने वापरली आणि पोलिसांच्या गाड्यांना ती गाठता येईना, तेव्हा विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. पण तिथे ही परंपरा त्याआधीची आहे. 1959 ची जॅग्वार मार्क 2 पोलीसही वापरायचे आणि दरोडेखोरही. कारण दोघांना एकच गोष्ट हवी होती: चार माणसं आणि भरपूर वेग.

प्रश्न: व्ही10 इंजिनाची जुनी एम5 (ई60) माझ्या आवाक्यात आलीय. मित्र वेड्यात काढतात. घेऊ का?

मित्रांना आधी एकदा ते इंजिन ऐकवा. पाच लिटर, दहा सिलिंडर, 507 अश्वशक्ती आणि टर्बो नाही. मिनिटाला सव्वाआठ हजार फेऱ्यांपर्यंत चढणारं असं इंजिन चार दारांच्या गाडीत पुन्हा येईल असं मला वाटत नाही. तुमचं मन कशावर गेलंय ते मला पुरतं कळतं.

आता हिशेब. जुनी झालेली महाग गाडी स्वस्तात मिळते, पण तिचे सुटे भाग महाग गाडीचेच राहतात. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंग झिजतात, ही गोष्ट मालकांच्या वर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. समजूतदार मालक आवाज यायची वाट न बघता ती आधीच बदलून घेतो. त्यामुळे पहिला प्रश्न तोच: बेअरिंग बदलली का, कधी, पावती कुठे? पावती नसेल तर ते काम बाकी आहे असं धरून किमतीतून वजा करा. बहुतेक गाड्यांत एसएमजी नावाचा सात गिअरचा गिअरबॉक्स असतो. त्याचा हायड्रॉलिक पंप आणि क्लच तपासा. थ्रॉटलच्या मोटरी तपासा. ऑइल ही गाडी पिणारच. डब्बा डिकीत ठेवायची सवय लावा, आणि थंड इंजिन कधी ताणू नका.

मग टायर बघा. गाडीपेक्षा मालकाची चौकशी तिथे होते. चारही टायर एकाच चांगल्या कंपनीचे, एकाच सुमाराचे असतील तर माणूस बरा होता. पुढे एक, मागे दुसरे, आणि मागच्यांच्या आतल्या कडा तारांपर्यंत झिजलेल्या असतील, तर जो माणूस जमिनीला टेकणाऱ्या एकमेव भागावर खर्च करत नव्हता तो इंजिनावर काय करणार? अशा गाडीकडे पाठ फिरवा, रंग कितीही चमकत असो.

हे सगळं करून मन शांत झालं नाही, तर तिच्या आधीची ई39 बघा. 4.9 लिटरचं व्ही8, 400 अश्वशक्ती, सहा गिअर आणि हाताने टाकायचे. दुसरा पर्यायच नव्हता. माझ्या मते पाचांच्या घराण्यातली ती सर्वांत शहाणी लेक. गोम एवढीच की हे आता सगळ्यांना कळलंय.

प्रश्न: इलेक्ट्रिक सेडान दोन-अडीच सेकंदांत शंभर गाठतात. मग पेट्रोलच्या या गाड्या अजून कोण घेतं, आणि का?

ज्यांना वेग हवा होता ते गेलेच. टेस्ला मॉडेल एस प्लेड 2021 साली आली, तीन मोटरी आणि 1,020 अश्वशक्ती. शून्यापासून ताशी 60 मैलांपर्यंत 1.99 सेकंद हा तिचा दावा, तोही पहिला फूट सोडून मोजलेला. 2025 मध्ये शाओमीच्या एसयू7 अल्ट्राने जर्मनीतल्या नूर्बर्गरिंगची वीसेक किलोमीटरची फेरी 7 मिनिटं 4.957 सेकंदांत मारून वर सांगितलेल्या टायकानला मागे टाकलं. टेलिफोन बनवणाऱ्या कंपनीची गाडी! सरळ रेषेतली स्पर्धा तिथे संपली असं मी समजतो.

मोटर मिळाली की वेग कुणालाही देता येतो, म्हणून पेट्रोलवाल्यांना आता दुसरं काहीतरी विकावं लागतंय. हे ज्यांना उमगलं त्यांचं बरं चाललंय. अमेरिकेच्या कॅडिलॅक सीटी5-व्ही ब्लॅकविंगमध्ये 6.2 लिटरचं सुपरचार्ज्ड व्ही8, 668 अश्वशक्ती आणि हवा असेल तर सहा गिअरचा हाताने चालवायचा गिअरबॉक्स मिळतो. तो गिअरबॉक्स घेतलात तर गाडी ऑटोमॅटिकपेक्षा हळूच जाते. तरी माणसं तोच मागतात.

मर्सिडीजने 2022 मध्ये उलट वाट धरली. सी63 मधलं चार लिटरचं व्ही8 काढलं, दोन लिटरचं चार सिलिंडरचं बसवलं आणि मागे विजेची मोटर जोडली. 510 ची 680 अश्वशक्ती झाली. तक्त्यात दणदणीत विजय! पण वजन दोन टनांच्या पार गेलं, आवाज गेला आणि जुन्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. सहीच्या पट्टीवाला माझा गिऱ्हाईक आठवा. त्याला बॉनेट उघडून "ऐका" म्हणायचं असतं. त्याच्या हातात मर्सिडीजने आकड्यांची बेरीज ठेवली.

2024 च्या एम5 ने निदान व्ही8 ठेवलं. त्यालाही मोटर जोडून 727 अश्वशक्ती केली, पण बॅटरीसकट गाडी 2,400 किलोंच्या वर गेली. नाकापेक्षा मोती जड. शंभरला तिला 3.5 सेकंद लागतात, म्हणजे पहिल्या पत्रातल्या लेखापालांच्या जुन्या एम5 पेक्षा 0.1 सेकंद जास्त. मागे बसणाऱ्यांची मात्र चंगळ झाली. सकाळी बाहेर पडताना काही किलोमीटर ती विजेवर, आवाज न करता जाते. दोन नंबरच्या पत्रातल्या ताईंनी ही चालवून बघावी. यजमानांनी नाही.

प्रश्न: नव्या गाडीसोबत कार्बन-सिरॅमिक ब्रेक घ्यावेत का? विक्रेता फार आग्रह करतोय.

शर्यतीच्या ट्रॅकवर नियमित जाणार असाल तर विचार करा. वेग दुप्पट झाला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा चौपट होते. दोन टनांची गाडी 200 वरून पुन्हा पुन्हा थांबवली की लोखंडी डिस्क तापून ब्रेक ढिले पडतात, सिरॅमिक तसे पडत नाहीत. ते हलके असतात, गंजत नाहीत, चाकांवर काळी भुकटीही उडवत नाहीत. पण रोजच्या वापरात तितके तापतच नाहीत, थंडपणी कधी कधी किंचाळतात आणि चाक काढताना कुणा निष्काळजी माणसाने रिम डिस्कच्या कडेवर आपटली तर टवका उडतो. मग डिस्क बदलण्याचं बिल बघून तुम्ही मला पत्र लिहाल. शिवाय ते आकाराने मोठे, म्हणजे वर सांगितलेलं लहान चाक त्यांच्यावर बहुधा बसत नाही. लोखंडीच घ्या आणि वाचलेल्या पैशांत टायरचा दुसरा संच.